तुम्ही विचारलंत म्हणून: सहाशेचा ड्रायव्हर कसा वाजतो?

"सहाशेच्या ड्रायव्हरमध्ये पाच हजारांच्या स्पीकरचा आवाज येतो का?" सांगलीत कुणालाही कळू दे की मी घरी स्पीकर बनवतो, पहिला प्रश्न हाच. ड्रायव्हर म्हणजे बॉक्सात बसवतात तो कोन-मॅग्नेटवाला, आवाज काढणारा भाग. हो म्हटलं तर फेकतोय वाटतं, नाही म्हटलं तर मग बनवता कशाला. म्हणून आज सगळंच सांगतो.

मॅग्नेटचं वजन आणि मागं छापलेले वॅट बघून ड्रायव्हर घेऊ नका हो! वॅट म्हणजे तो किती सोसतो, कसा वाजतो ते नव्हे. सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच पॉवरला तो किती मोठ्यानं वाजतो; ८५ डीबी (डेसिबल)वाल्याला ९१वाल्याइतकं वाजायला चौपट पॉवर लागते. बॉक्स किती लिटरचा ते एफएस, क्यूटीएस, व्हास या ड्रायव्हरच्या मोजलेल्या आकड्यांवरून निघतं, थील आणि स्मॉल या दोघा इंजिनियरांचं गणित आहेच, आणि दुकानदार आकडे देत नसेल तर एक रेझिस्टर, साऊंड कार्ड आणि फुकटचं सॉफ्टवेअर यावर घरी मोजता येतं. मी तर म्हणायचो, एवढं जुळलं की किंमत विसरा.

मिरजेत तंबोरे बनवणारे एक काका आहेत, आयुष्य जवारी लावण्यात, म्हणजे घोडी घासून तारेला झंकार आणण्यात गेलेलं. त्यांना जुनी रेकॉर्डिंग ऐकायला चार इंची फुल-रेंजची, म्हणजे एकाच ड्रायव्हरवर सगळा आवाज काढणारी जोडी करून दिली. दोन्ही ड्रायव्हर मोजलेले, आकडे जवळजवळ सारखे. काका थोडा वेळ ऐकत बसले आणि म्हणाले, "अरे, जवारी डावीकडंच लागलीय. उजवीकडं बंद आहे." रेकॉर्डिंग मोनो होतं, म्हणजे दोन्हीकडं तोच आवाज! ॲम्पच्या वायरी अदलाबदल केल्या, तरी मिटलेला आवाज त्याच बॉक्सचा. घरी आणून माइक लावला तर दीड किलोहर्ट्झपर्यंत आलेखावर दोन्ही रेषा एकावर एक, आणि तीनच्या पुढं उजव्याची रेषा चार डीबी खाली. माझा अंदाज, डस्ट कॅपला, म्हणजे कोनच्या मधल्या टोपीला, गोंद जास्त लागला असणार. दुकानदाराचं उत्तर, "आवाज येतोय ना?" लई लागलं ते, कारण काकांसमोर मी त्या ड्रायव्हरची केवढी तारीफ केलेली.

एफएस, क्यूटीएस वगैरे आकडे खालच्या आवाजाचे असतात, बेस आणि बॉक्सपुरते. तीन किलोहर्ट्झला कोन काय करतोय ते त्यात नसतंच, आणि तंबोऱ्याची जवारी वरच्या स्वरांशात राहते. तरीपण स्वस्त ड्रायव्हर टाकाऊ असं मी म्हणणार नाही, त्या जोडीतला डावा आजही सुरेख वाजतोय.

चार घ्या, माइकनं मोजा, जुळणारे दोन ठेवा, असं आता सांगतो. पण मग सहाशेचा ड्रायव्हर बाराशेला पडतो आणि त्या पैशात बरी कंपनी येते, हा हिशोब मला अजून सुटलेला नाही. परवा कॉलेजचा एक पोरगा आला, जोडीपुरतेच पैसे कसेबसे जमवलेले, त्याला चार घे कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं एकच घे, मोनो बनव, बॉक्स चांगल्या प्लायचा कर. त्याला पटलं नाही, स्टिरिओच पाहिजे म्हणतोय.