तुम्ही विचारलंत म्हणून: धरण सिनेमात फुटतं तसंच फुटतं का?

पावसाळा तोंडावर आला आणि टीव्हीवर महापुराचा एखादा इंग्रजी सिनेमा लागला, की निपाणी-चिक्कोडीपासून गोकाकपर्यंत एकच प्रश्न येतो : धरण खरंच असं फुटतं का हो? घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचं नाव घ्यायला लोक कचरतात, पण मनात तेच असतं. ५१ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी) धरण वर असल्यावर घटप्रभेच्या काठच्या माणसानं विचारणारच.

सिनेमात भिंतीच्या माथ्यावर चीर पडते, सरसर खाली धावते आणि काँक्रीटचे तुकडे उडतात. पण माथ्यावर पाण्याचा दाब जवळजवळ नसतोच. तो खोलीगणिक वाढतो : ५० मीटर खाली दर चौरस मीटरला ५० टन. दगडी किंवा काँक्रीटचं वजनदार धरण स्वतःच्या भारावर उभं असतं. त्याला खरी धास्ती पायाखाली शिरून वर रेटणाऱ्या पाण्याची. म्हणून भिंतीच्या पोटात गॅलरी, म्हणजे बोगद्यासारखी वाट, ठेवतात आणि पायात छिद्रं घेऊन झिरपणारं पाणी बाहेर काढतात. ही छिद्रं चुन्याच्या थरानं बुजली की तळाचा दाब वाढतो, म्हणून ती अधूनमधून साफ करावी लागतात. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनेच्या भिंतीला खरोखर चिरा गेल्या, पण भिंत हलली नाही; पुढे तिला मागून जाड आधार दिला.

मातीच्या धरणाची गोष्ट वेगळी, आणि सिनेमावाल्यांनी खरं तर तीच सांगायला हवी. मातीला दोन गोष्टी सोसत नाहीत : पाणी माथ्यावरून जाणं आणि माती घेऊन आतून जाणं. ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातेत मोरबीच्या वरचं मच्छू-२ धरण पहिल्या प्रकारे गेलं. सांडव्याला, म्हणजे जादा पाणी सोडायच्या वाटेला, झेपेना इतका पूर आला, पाणी भरावावरून गेलं, दोन्ही बाजूंची माती वाहून गेली आणि मधला दगडी सांडवा मात्र जागेवर राहिला. १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळ पानशेतला मोरीवरचा (धरणाच्या पोटातून पाणी सोडायच्या वाटेवरचा) भराव खचला, माथा खाली बसला आणि मग पाणी वरून गेलं. त्या लोंढ्यानं खालचं खडकवासलाही फोडलं.

आतून जाणारं पाणी जास्त फसवं. अमेरिकेत आयडाहोतलं टीटन धरण ५ जून १९७६ ला गेलं, तेही पहिल्यांदाच भरत असताना. सकाळी गढूळ पाझर दिसला, भोक बुजवायला बुलडोझर लावले, तेच भोकात गेले आणि दुपार व्हायच्या आत भरावाला खिंडार पडलं. मातीच्या धरणाला पाझर असतोच. पायथ्याशी इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेतून तो मोजतात. नितळ आणि ठरावीक पाझराची चिंता नाही. तलावाची पातळी तीच असताना पाझर वाढला किंवा गढूळ झाला, तर आतली माती बाहेर येतेय. तेव्हा खालून भोक बुजवायचं नसतं. त्यावर आधी वाळू, मग खडी असा थर टाकायचा, म्हणजे पाणी बाहेर येतं आणि माती आत राहते.

पडद्यावरच्या पाण्याची आणखी एक गंमत. गावाची छोटी प्रतिकृती करता येते, पाण्याच्या थेंबाची नाही. सोळा पट लहान प्रतिकृती असेल तर कॅमेरा चौपट वेगानं, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ९६ चौकटी, चालवतात. त्यानं लाट भारदस्त वाटते. थेंब आणि फेस मात्र मोठेच दिसतात आणि जाणकाराच्या नजरेला खोटेपणा कळतो. शिवाय ते पाणी पांढरंशुभ्र! खरा लोंढा चिखलाचा असतो, त्यात झाडं, छपरं, जनावरं असतात. वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो.

दरवाजाचा थरार हवा असेल तर तो आपल्याच राज्यात, कर्नाटकात घडलाय. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुंगभद्रा धरणाच्या ३३ दरवाजांपैकी १९ व्याची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. भरलेलं धरण रिकामं करत बसायला नको म्हणून वाहत्या पाण्यातच लोखंडी स्टॉप लॉग, म्हणजे पाणी अडवायचे आडवे तुकडे, एकावर एक उतरवले आणि आठवड्याभरात पाणी अडवलं.

आता आपल्याकडचं. इथला महापूर बहुतेक वेळा धरण न फुटताच येतो. एक लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट, विसर्ग म्हणजे दिवसाला ८.६४ टीएमसी. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पातळी गाठली की आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही, आणि ते पाणी पंचगंगेतून कृष्णेत येतं. कृष्णा भरून वाहत असली की दूधगंगेला तिच्यात जागा मिळत नाही आणि फुगवटा, म्हणजे तुंबलेलं पाणी, मागे सरकतो. त्यामुळे आपल्या गावात पाऊस थांबला तरी पाणी इंचाइंचानं चढत राहतं. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड हे बंधारे-पूल पाण्याखाली जातात ते असेच. पावसाळ्याआधी बर्गे, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवायला घातलेल्या फळ्या, काढायचे राहिले, तर त्यांना झाडंझुडपं अडकतात आणि बंधारा पाणी तुंबवतो.

काठावर खुणांची काठी रोवा आणि दर तासाला बघा. किती चढलं यापेक्षा चढण्याचा वेग वाढतोय की मंदावतोय ते महत्त्वाचं. बुडालेल्या पुलावर पाणी गुडघ्याएवढंच दिसलं तरी गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणी छोटी मोटार उचलू शकतं, आणि खालचा भराव उरलाय की नाही हे वरून दिसत नाही.

पाणी ओसरू लागलं की सिनेमा संपतो. आपल्याकडे घरं पडतात ती तेव्हाच. काठ आणि मातीच्या भिंती भिजून जड झालेल्या असतात, बाहेरून टेकू देणारं पाणी झपाट्यानं उतरतं, आणि भिजलेली भिंत फुगून ढासळते. तेव्हा पाणी गेलं म्हणून लगेच आत जाऊन सामान काढू नका. आधी भिंतीला बाहेरून फेरी मारा, पोट सुटलंय का, पायथ्याची माती गेलीय का ते बघा, आणि वीज जोडणी तपासून घेतल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका.