दार लोटून घ्यायला काय हरकत होती?

बुधवार, रात्र

पंडिता रमाबाईंची पत्रं पुन्हा वाचायला काढलीत. १९७७ साली राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापलेली, इंग्रजीतली. बहुतेक पत्रव्यवहार इंग्लंडातल्या वाँटेज गावच्या मठातल्या जोगीण सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवला म्हणून आज हाती आहे. रमाबाईंनी जिच्याशी वर्षानुवर्षं वाद घातला, तिनेच वादाचे कागद सांभाळले. याचं मला भारी कौतुक वाटतं.

निमित्त रविवारचं आहे. उपासनेनंतर चहा घेताना दादाने नेहमीचा विषय काढला: मंडळीने, म्हणजे चर्चने, सार्वजनिक भानगडीत पडू नये, बायबलातलं पौलाचं रोमकरांस पत्र, अध्याय १३, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, संपला विषय. दादा चर्चच्या पंच कमिटीत असल्यामुळे त्याला कोणी उलट बोलत नाही. मीही बोलले नाही, चहा थंड होत होता. पण घरी येऊन पुढचा, चौदावा अध्याय काढला. तिथे पौल अगदी साध्या भांडणात शिरलाय: एक जण सगळं खातो, दुसरा फक्त शाकभाजी. पौल म्हणतो, एकमेकांना दोष देऊ नका, ज्याने त्याने आपल्या मनाची पक्की खात्री करून घ्यावी. खात्री नसताना केलेली गोष्ट त्याच्या हिशेबी पापच. तेराव्याला लागूनच हा अध्याय आहे, पण पान कोणी उलटत नाही.

शाकभाजीवरूनच मला रमाबाई आठवल्या. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांचा वाँटेजला बाप्तिस्मा झाला, पण जेवण शाकाहारीच राहिलं. तिथल्या बायकांना वाटे, हा जुन्या धर्माचा अहंकार अजून गेलेला नाही. त्यात त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि चमत्कार यांवर बाईंचे प्रश्न संपेनात. जेराल्डिनबाईंचं म्हणणं थोडक्यात असं की मंडळी सांगते ते आधी मान, कळेल मागाहून. रमाबाईंनी उत्तर दिलं: पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवलीय, आता तसलंच दुसरं जोखड घालून घ्यायचं नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, तर म्हणाल्या, माझ्या देशबांधवांना कळेल असं संस्कृत हवं. पुढे इंग्लंडातच चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुषांना शिकवू नये म्हणून मुंबई आणि लाहोरचे बिशप आडवे आले. तेव्हा बाईंनी सुनावलं की माझ्या आईने नि मी तरुण मुलांना शिकवलं तेव्हा माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही, मग यांना काय अडचण आहे? अनंतशास्त्री डोंगऱ्यांची लेक ती, दबणार कशी!

आम्हा प्रॉटेस्टंटांकडे कॅथलिक धर्मपंडित संत थॉमस अक्वायनसचं नाव फारसं निघत नाही. पण सदसद्विवेकबुद्धी चुकत असली तरी तिच्याविरुद्ध वागणं पापच, हे त्याने तेराव्या शतकात लिहून ठेवलंय. त्याने पुढे एक खुंटीही मारलीय: जे कळायला हवं होतं ते तुझ्या हयगयीने कळलं नसेल, तर तो दोष तुझाच. म्हणजे ‘माझं मन सांगतं’ एवढं म्हणून सुटका नाही. मनाला शिकवणंही आपल्याकडेच.

सार्वजनिक जीवनात बाईंनी हेच केलं. १८९७ च्या प्लेगात पुण्यातल्या सरकारी बंदोबस्तावर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड टीका केली. राज्य ख्रिस्ती राणीचं आहे म्हणून गप्प बसल्या नाहीत. त्याच सरकारने पुढे १९१९ मध्ये त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिलं, ते असो. दादाचा तेरावा अध्याय त्यांनाही पाठ असणारच. शेवटची कित्येक वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवणाऱ्या बाईला दादाने पौल काय सांगायचा?

इथपर्यंत मी बाईंच्या बाजूने ठाम आहे. घोडं पेंड खातं ते शारदा सदनापाशी.

११ मार्च १८८९ ला मुंबईत सदन उघडलं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. विधवांना शिक्षण द्यायचं, धर्माचा आग्रह नाही, असं ठरलेलं. बाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये त्यावरून वादळ उठलं. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या, ‘केसरी’ने झोडपलं. दार लोटून घ्यायला काय हरकत होती? बाईंचं म्हणणं, मी कोणाला बोलावत नाही, पण माझ्या विश्वासाला चोरीचा माल मानून कडी लावणार नाही. पटतं. तरी मन पुरतं निवत नाही, कारण त्या दाराबाहेरच्या मुलीचं ताट, अंथरूण, पाटीपेन्सिल सगळं बाईंच्याच हातून येत होतं.

माझी कसोटी अशी, की ‘नको’ म्हणणाऱ्या मुलीला दुसऱ्या दिवशी तीच भाकरी मिळते का? शारदा सदनात मिळत होती, असं मला वाटतं. गोदूबाई जोशी ही सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. ती शिकली, हिंदूच राहिली, १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई कर्वे झाली. पण गोदूबाईची विशी उलटलेली होती, पाठीशी भाऊ होता. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून केडगावला, बाईंच्या आश्रमात, आणलेल्या पोरींच्या पाठीशी बाईंखेरीज कोण होतं? त्या जगल्या हे पहिलं, त्याहून मोठं काही नाही. पण बाईंनी वाँटेजला जसं जेराल्डिनबाईंना ‘नाही’ ऐकवलं, तसं यांतली एखादी बाईंना ऐकवू शकली असती का?

घटनेच्या पंचविसाव्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे. १९७७ च्या स्टेनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, धर्माचा प्रसार करता येतो, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा म्हणून वेगळा हक्क नाही. आमच्यातले बरेच जण त्या निकालावर चिडतात. त्याच्या आडून आमच्या माणसांना त्रास दिला जातो, ही चीड खोटी नाही. पण स्वातंत्र्य देणाऱ्याइतकंच घेणाऱ्याचंही असतं, हे मला रमाबाईंच्या पत्रांवरूनच कळलं, कोर्टाकडून नाही.

भगिनी मंडळात ५ एप्रिलला, बाईंच्या स्मृतिदिनी, मी बोलायचं ठरलंय. सेक्रेटरीबाईंनी सुचवलंय की सेवाकार्यावर बोला, १८९३ नको, बाहेरचे लोक त्याचा वापर करतील. करतील, मान्य. तरी मी १८९३ सोडणार नाही, नि दादालाही यायला सांगणार आहे. येताना पवित्र शास्त्र आण म्हणावं, चौदावा अध्याय त्यालाच मोठ्याने वाचायला लावते.