घरी सांगितलंत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी देव मानत नाही हे एकदा कळलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला मोठ्याने: ‘असं झालं तरी काय?’ दुसरा जरा वेळाने, आजूबाजूला कुणी नाही हे बघून: ‘घरी सांगितलंत का?’ पहिल्याचं उत्तर चटपटीत हवं असतं. एखादा मृत्यू, एखादा भोंदू, एखादं पुस्तक. दुसरा विचारणाऱ्यांपैकी निम्मे तरी स्वतःसाठीच विचारत असतात, म्हणून तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पण पहिल्याला वळसा घालून दुसऱ्याकडे जाता येत नाही.

माझा धर्म कोणता ते सांगणार नाही. सांगितला की काहीजणांना ‘त्यांच्यात असंच असतं’ म्हणून हायसं वाटतं आणि काहीजण बाह्या सरसावतात. दोन्हींचा कंटाळा आलाय. शिवाय मला विचारणारे सगळ्या धर्मांतले होते, आणि नावं तेवढी बदलली तर एकाची हकिगत दुसऱ्याला सहज चालून गेली असती.

आमच्याकडे रात्री झोपताना एक प्रार्थना म्हणायची असायची. आई म्हणायची, तिच्यामागून मी. भाषा जुनी, घरात कुणीच न बोलणारी. अर्थ विचारावा असं कधी सुचलंही नाही, ओळी पाठ होत्या तेवढं पुरे होतं. त्यातल्या पाचव्या ओळीत माझ्या आजोबांच्या नावासारखा एक शब्द यायचा. ते आजोबाच, अशी माझी खात्री होती. इतक्या जुन्या प्रार्थनेत आपले आजोबा कसे, हा प्रश्न पाच वर्षांच्या डोक्याला पडत नाही. आजोबा गेले त्या वर्षी मी ती ओळ जरा जोरात म्हणायचे, त्यांना ऐकू जावी म्हणून.

सोळाव्या वर्षी त्या प्रार्थनेचं भाषांतर हाती लागलं. ओळींवरून बोट फिरवत मी आधी पाचवीच गाठली. तिथे लिहिलं होतं, ‘आमच्या शत्रूंचा समूळ नाश कर.’

मला हसू फुटलं. मग बराच वेळ पान तसंच उघडं ठेवून बसले. शंकेची पाल चुकचुकली ती इथेच, असं लिहिलं तर गोष्ट छान जमेल, पण तसं झालं नाही. त्या रात्रीही मी प्रार्थना म्हटली, आणि पुढची पाच-सहा वर्षं तर मी पूर्वीपेक्षा कडवी झाले. वाद घालायची, इतरांना बरोबर-चूक शिकवायची. आता मागे वळून बघते तेव्हा त्या मुलीचा एवढा मोठा आवाज मला संशयास्पद वाटतो.

त्याच काळात आम्हाला धर्म शिकवणाऱ्या एका गृहस्थांना मी विचारलं होतं, की ज्या मुलाच्या कानावर आपला धर्म कधी पडलाच नाही त्याला शिक्षा का? ते रागावले नाहीत. प्रेमाने म्हणाले, ‘असे प्रश्न मनात येणं हीच परीक्षा असते.’ मी खूश होऊन घरी आले. हे उत्तर किती हुशार आहे ते फार उशिरा लक्षात आलं. प्रश्नालाच आजार ठरवलं की उत्तर द्यायची जबाबदारी उरत नाही, उलट विचारणाराच औषध शोधत फिरतो. मी दोन वर्षं फिरले.

मग कधी गेली श्रद्धा? तारीख नाही. चार्ल्स डार्विनने आत्मचरित्रात लिहिलंय की अश्रद्धा त्याच्यात इतक्या संथपणे भिनत गेली की त्याला त्याची यातनाच झाली नाही. हा माणूस केंब्रिजला गेला होता तो पुढे पाद्री व्हायचं म्हणून. त्याची लाडकी मुलगी ॲनी १८५१ मध्ये दहाव्या वर्षी गेली, आणि पुष्कळ लोक त्या मृत्यूवर बोट ठेवतात; लोकांना तारीख लागतेच. खुद्द त्याने १८७९ मधल्या एका पत्रात लिहिलं की देवाचं अस्तित्वच नाकारावं इतका नास्तिक तो कधीच नव्हता, अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही ते कळू शकत नाही असं मानणारा, हा शब्द त्याला जास्त बरोबर वाटत होता. तो शब्द तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता, त्याच्याच मित्राने, टी. एच. हक्सलेने, १८६९ मध्ये घडवलेला.

पण डार्विनच्या घरातली मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. लग्न झालं त्या वर्षी, १८३९ मध्ये, एमाने त्याला एक पत्र लिहिलं. एकाच घरात राहणाऱ्या बायकोने नवऱ्याला पत्र लिहावं, कारण समोर बसून बोलणं जमेना. सिद्ध झाल्याशिवाय काही मानायचं नाही ही तुझी सवय, जिथे सिद्ध करताच येत नाही अशा गोष्टींनाही लागू होत नाही ना, अशी तिची धास्ती होती. आणि मुख्य म्हणजे आपण दोघं कायमचे एकमेकांचे नाही असं वाटलं तर मला फार दुःख होईल, असं ती लिहिते. कायमचे म्हणजे मेल्यानंतरही. डार्विनने ते पत्र जपलं आणि खाली दोन ओळी खरडून ठेवल्या: मी मेल्यावर तुला कळू दे, या पत्राचे मी कितीदा तरी मुके घेतले आहेत, त्याच्यावर रडलो आहे.

पत्राला त्याच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. त्याच्या मृत्यूनंतर १८८७ मध्ये आत्मचरित्र छापलं तेव्हा धर्माबद्दलचा काही मजकूर एमाच्या इच्छेने वगळला गेला. पूर्ण मजकूर छापून यायला १९५८ साल उजाडलं, तेही नातीच्या हातून. तेव्हा ‘घरी सांगितलंत का’ हा प्रश्न काही आपल्यालाच पडलेला नाही.

‘वेळ आली की आठवेल देव’ असंही म्हणतात लोक. हे वाक्य भगतसिंगांनाही ऐकवलं गेलं होतं. तुरुंगात, १९३० मध्ये, सोबत्यांनी त्यांच्या नास्तिकपणाला अहंकार म्हटलं, तेव्हा त्यांनी उत्तरादाखल निबंध लिहिला. शाळकरी वयात तासन्‌तास गायत्री मंत्र म्हणणारा हा मुलगा. १९२७ मध्ये अटकेत असताना पोलीस त्यांना प्रार्थना करायला सुचवत होते. सुखाच्या दिवसांतच आपण नास्तिक आहोत की अशा वेळीही, याचा त्यांनी कोठडीत विचार केला आणि प्रार्थना करायची नाही असं ठरवलं. शेवटच्या दिवसांत श्रद्धा वाटायला लागेल असं भाकीत एका मित्राने केलं, तर त्यांनी ते स्वतःचं अधःपतन मानलं. २३ मार्च १९३१ ला ते फाशी गेले.

मी भगतसिंग नाही. माझी वेळ आली ती दवाखान्याच्या बाकावर. बाबा आत होते, शस्त्रक्रिया लांबत चालली होती. आई माझा हात धरून म्हणाली, ‘म्हण माझ्याबरोबर.’ तोवर मी काही मानत नव्हते, आईला सांगितलंही नव्हतं. मी म्हटली. सगळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, चार-पाच वेळा. त्यात खोटं वागल्यासारखं वाटलं का? खरं सांगते, नाही वाटलं. आईचा हात गार पडला होता आणि तो धरून ठेवायला तोंडाला काहीतरी काम हवं होतं.

त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा आत होता. त्यांचेही ओठ हलत होते. शब्द कुठले ते ऐकू येत नव्हतं, पण लय आमच्यासारखीच. मध्येच आमची नजरानजर झाली आणि त्यांनी मान हलवली, परीक्षेच्या वर्गाबाहेर दोन मुलं एकमेकांकडे बघून हलवतात तशी. पहाटे चारच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले ते आधी त्यांच्याकडे गेले. मग नातेवाईक आले, त्यांना धरून घेऊन गेले. अर्ध्या तासाने बाबा ठीक आहेत असा निरोप आला. आई रडायला लागली, म्हणाली, ‘ऐकलं गं त्याने.’

बाकावर त्या बाईंची पाण्याची बाटली तशीच राहिली होती, अर्धी भरलेली.

आईला तेव्हा काही विचारायचं नसतं एवढी अक्कल मला होती. पण त्या बाईंची प्रार्थना कुठे कमी पडली, हा प्रश्न आजतागायत सुटलेला नाही. त्याची तयार उत्तरं मला सगळी येतात, त्या दोन वर्षांत जमवली होती. त्यातलं एकही त्या बाटलीसमोर उभं राहून म्हणता येईल असं वाटत नाही.

आता जे गेलं त्याबद्दल. नास्तिकांनी सुटल्याचा आनंदच सांगायचा असा एक रिवाज आहे, तो मला पटत नाही. मला ऐकणारा गेला याचं फार वाईट वाटलं. रात्री दिवा मालवल्यावर कुणाशी तरी बोलायची सवय होती आणि एके दिवशी लक्षात आलं की पलीकडे कुणी नाही, फोन कट झालाय आणि आपण बोलतोच आहोत. काही चांगलं घडलं की आभार मनात येतात आणि त्यांना पत्ता नसतो. रागाचंही तेच.

भीती मात्र गेली नाही. देव गेल्यावर सात-आठ वर्षं खोटी शपथ घेताना माझी जीभ अडायची. ज्याला मानत नाही त्याला घाबरायचं, हा कुठला हिशेब? पण लहानपणी अंगात गेलेलं असं बुद्धीला विचारून बाहेर पडत नसतं.

मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. नष्ट करा अशी त्यांची इच्छा होती, ती पाळली गेली नाही. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवलं नव्हतं, प्रार्थना करायची आणि पलीकडे शांतता. त्यावर दोन्ही बाजूंनी झोंबाझोंबी झाली. नास्तिक म्हणाले, बघा, मनातून आमच्यातल्याच होत्या. श्रद्धावंत म्हणाले, तरीही काम सोडलं नाही, हीच श्रद्धा. मला ती ओढाताण बघून लाज वाटली. एका बाईला अर्धं शतक उत्तर आलं नाही आणि ते उघडपणे कुणाला सांगताही आलं नाही, यात दुसऱ्या कुणी जिंकण्यासारखं काय आहे?

परत फिरणार का, असंही कुणी विचारतं. अल-गझाली हा अकराव्या शतकातला थोर इस्लामी पंडित. ऐन उमेदीत त्याचा पार इंद्रियांवरचाही विश्वास उडाला होता. नाण्याएवढा दिसणारा तारा पृथ्वीपेक्षा मोठा असतो, मग डोळ्यांचं काय खरं मानायचं? जवळपास दोन महिने तो त्या अवस्थेत होता. बाहेर आला तो युक्तिवादाने नव्हे, देवाने छातीत टाकलेल्या प्रकाशाने, असं तोच लिहितो. मी त्याला खोटा म्हणत नाही. माझ्या छातीत तसा उजेड पडला तर दार लावून घेणार नाही. पडल्याचं सोंग मात्र करणार नाही.

आणि घरी? विचारणारा विशी-बाविशीचा असेल, त्याचं शिक्षण आणि डोक्यावरचं छप्पर घरच्यांच्या हातात असेल, तर मी सरळ सांगते: घाई करू नका. हा भेकडपणा नाही. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातलं अठरावं कलम धर्म बदलायचं स्वातंत्र्य देतं, पण काही देशांत आजही धर्म सोडणं गुन्हा आहे, आणि त्यातल्या काहींत त्याला देहदंडही आहे. जिथे कायदा आड येत नाही तिथेही घरातून काढलेली मुलं मी पाहिली आहेत. आपल्याला काय वाटतं ते आपल्याला ठाऊक असणं हे पुष्कळ आहे. बाकीचं पायाखाली जमीन आल्यावर.

माझ्या पायाखाली जमीन कधीच आली होती, तरी मी सांगितलं नाही. कारण एमाचंच. आईला नरकाची वगैरे फार फिकीर नसावी, पण मेल्यावर आम्ही सगळे भेटणार हे तिने धरून ठेवलंय. बाबाही गेल्यापासून जास्तच. ‘भेटणार नाही’ हे तिच्या तोंडावर मी कुठल्या सत्यासाठी म्हणू?

आता तिला दम पुरत नाही. प्रार्थनेची ओळ पुरी होईपर्यंत श्वास संपतो. म्हणून गेल्या वर्षापासून आम्ही वाटणी केली आहे, अर्धी ओळ तिची, अर्धी माझी. परवा पाचवी ओळ झाली आणि ती थांबली. मला वाटलं, धाप लागली. पाणी द्यायला उठले तर मनगट धरून म्हणाली, ‘तू अजून तिथे आजोबांचंच नाव घेतेस.’

मी म्हटलं, ‘तुला कधीपासून माहीत?’

‘तू पाच वर्षांची होतीस,’ ती म्हणाली. ‘बाकीचं तू नुसतं म्हणतेस, तेही कळतं मला. चल, सहावी.’