बोर्ड काढा, बिल कमी होईल

मार्चचं बिल ११८ युनिटचं, मेचं ३१२. मीटर तपासून द्या, एवढाच अर्ज घेऊन वीज कार्यालयात गेलो. खिडकीतल्या माणसाने कागदाला हातही लावला नाही. "घरात एक्स्टेन्शन बोर्ड शे का? मंग तोच वीज खास. काढी टाका भाऊ, बिल कमी व्हई जाई." म्हणजे बोर्डच वीज खातो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर, आणि खिडकीत पुन्हा हाच, पुन्हा तेच वाक्य. बाहेर ४४ अंश, पंख्याखालची बाकडी भरलेली, अर्जाची घामाने पार घडी झालेली.

डोकं फिरलं. घरी येऊन सगळं बंद केलं आणि नुसता दहा मीटरचा बोर्ड लावून मीटरसमोर उभा राहिलो. पाच मिनिटं झाली, लाल दिवा एकदाही लुकलुकला नाही. मग २०० वॉटचा कूलर थेट भिंतीच्या प्लगला लावला: दिवा दहादा लुकलुकायला ५६ सेकंद. बोर्डातून लावला, तरी ५६च. (आमच्या मीटरवर ३२०० लुकलुकींना एक युनिट असं छापलंय. तुमचा आकडा आधी बघून घ्या.)

हे सगळं अर्जाच्या मागे लिहिलं आणि चौथ्या दिवशी म्हणालो, "घेत नसाल तर तसं लिहून द्या." लगेच शिक्का! हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. पोच घ्यायला दुसरी प्रत न्या, मी तिच्यासाठी उन्हात पुन्हा झेरॉक्सवाल्याकडे गेलो. फी भरली, माणूस आला, मीटर बरोबर निघालं. खरं सांगतो, वाईट वाटलं.

हो, एक राहिलं. नळ आला तेव्हा पाण्याची मोटर याच बोर्डाला लावली होती, वायरीचं वेटोळं तसंच ठेवून. वायर तापली, प्लग वितळला. तापण्यात जाते ती वीज आपल्याच बिलातली, पण ती किरकोळ, भीती आगीची. मोटरला, गिझरला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंटच घ्या.

मग १९४ युनिट वाढले कुठून? आखाजीला (अक्षय तृतीयेला) बहीण पोरांसकट आली, तेव्हापासून खालचा कूलर दिवसरात्र, आणि वर पत्र्याच्या खोलीत दुसरा. रोज पंधरा तास धरले तरी एका कूलरचे महिन्याला ९० युनिट. वरच्या खोलीत प्लग नाही, म्हणून तो बोर्डावर.

बायको म्हणाली, "मग तो माणूस बरोबरच सांगत होता की. बोर्ड काढला असता तर वरचा कूलर बंदच पडला असता."