दहावा आठवडा: आधी कागद, मग कीबोर्ड

विद्यापीठाच्या स्पर्धात्मक प्रोग्रामिंग (ठरलेल्या वेळात कोड लिहून कोडी सोडवायची) क्लबात येऊन दहा आठवडे झाले. त्याआधी घरी एकटीने दीडेकशे प्रॉब्लेम सोडवले होते, त्यामुळे पाया पक्का आहे असं धरून चालले होते. पहिल्याच टीम सरावात कळलं की पाच तास तिघांनी मिळून खेळणं ही वेगळीच विद्या आहे.

सराव आयसीपीसी या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग स्पर्धेच्या धर्तीवर होतो: तिघांत कॉम्प्युटर एकच. घरी अर्धीमुर्धी कल्पना सुचली की मी टायपायला बसायचे. इथे तसंच बसले, आणि सोबत्याचा तयार कोड वहीत पडून राहिला. आता आमचा ठराव आहे: पूर्ण उत्तर कागदावर आल्याशिवाय खुर्चीत बसायचं नाही, आणि कोड चुकला की उठायचं.

या आठवड्यातली चूक सविस्तर सांगते, कारण ती कुणाच्याही हातून होईल. प्रॉब्लेममधल्या वस्तूंची संख्या एन, ती २ लाखांपर्यंत, आणि सगळ्या जोड्या मोजायच्या, म्हणजे एन गुणिले एन वजा एक, भागिले दोन. प्रॉब्लेमसोबत दिलेलं सॅम्पल पास, तपासणीला सबमिट केलं, निकाल आला राँग आन्सर. काठावरच्या केसेस तपासून पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. चुकीच्या प्रत्येक प्रयत्नाला २० मिनिटांची पेनल्टी, म्हणजे प्रॉब्लेम सुटला तरी ४० मिनिटं अंगावर. सोबत्याने एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावली आणि विचारलं, "गुणाकार कशात होतोय?" उत्तराचं व्हेरिएबल मी लाँग लाँगच, म्हणजे मोठ्या पूर्णांकांच्या प्रकारचं, घेतलं होतं. पण एन होता इंट, म्हणजे त्याहून लहान मर्यादेचा प्रकार, आणि सी++ मध्ये इंट गुणिले इंट हा हिशेब इंटमध्येच होतो. लाँग लाँगमध्ये जातो तो नंतर. इंटची मर्यादा २१४७४८३६४७, म्हणजे सुमारे २१४ कोटी. इथे गुणाकार जातो ४,००० कोटींच्या घरात. एन लाँग लाँग केला आणि लगेच अॅक्सेप्टेड.

सरावानंतरचं अपसॉल्व्हिंग मला सर्वांत जास्त आवडतं. न सुटलेला प्रॉब्लेम नंतर सोडवायचा आणि फळ्यावर सगळ्यांना समजावायचा. माझ्या वाट्याला उत्तरावर बायनरी सर्च आलं होतं, म्हणजे शक्य उत्तरांची रेंज दर तपासणीत अर्धी करत उत्तर गाठायचं. शंभर कोटींची रेंज असली तरी ३० तपासण्यांत काम होतं, हे मी झोकात सांगितलं. मागून प्रश्न आला, "क्ष चाललं तर क्षपेक्षा मोठं प्रत्येक उत्तर चालतंच, हे कशावरून?" तिथे अडले. रात्री बसून सिद्धता लिहिली तेव्हा कुठे ती पद्धत खऱ्या अर्थाने माझी झाली.

स्पर्धांतल्या कामगिरीवरून मिळणारं रेटिंग थोडं वर सरकलंय, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ग्राफ, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे प्रॉब्लेम, अजून कच्चे आहेत. डायक्स्ट्रा (सर्वांत जवळचा रस्ता शोधायची पद्धत) न बघता लिहिता येतं, पण प्रॉब्लेममध्ये ग्राफ लपलाय हेच मला उशिरा दिसतं. पुढचे दोन आठवडे फक्त तेच. शनिवारच्या सरावातला शेवटचा प्रॉब्लेमही तसाच होता, आणि तो अजून वहीत उघडा आहे.