ट्रेलर जोडून मिलियन डॉलर हायवे: यूरेकडून चढू नका

"मागे ट्रेलर आहे हे तुम्हाला जाणवणारसुद्धा नाही," असे मोटारसायकलमागे जोडायचा सामानाचा छोटा ट्रेलर विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितले होते, आणि दुर्दैवाने ते खरे निघाले. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरपासून गनिसनपर्यंत, मधली 11,312 फुटांची मोनार्क खिंड धरूनही, तो मला जाणवला नाही. त्यामुळे तिसऱ्या दिवशी यूरेहून सिल्व्हर्टनकडे निघताना मागे काही नाहीच अशा थाटात मी गाडी काढली. हा वृत्तांत मुख्यतः त्या पंचवीस मैलांचा, म्हणजे मिलियन डॉलर हायवेचा, आहे. बाकीचे सहा दिवस बरे गेले.

आमची गाडी 2012ची होंडा गोल्ड विंग. तिला ट्रेलर जोडू नये असे होंडाच्या पुस्तिकेतच लिहिले आहे; तरीही अमेरिकेत पुष्कळ लोक जोडतात आणि मीही जोडला, तेव्हा जोखीम माझी हे आधीच मान्य करतो. जड गाडी घाटात वळवण्याचा सराव आणि अंगावर नीट जाकीट-बूट वाचकापाशी आहेत असे मी गृहीत धरतो; नसतील त्यांनी ट्रेलरच्या भानगडीत पडू नये.

सामानासह ट्रेलर 300 पौंड भरला. त्यातला 10 ते 15 टक्के भार पुढच्या दांडीच्या टोकावर, म्हणजे हिचच्या (गाडीला ट्रेलर अडकवण्याच्या जोडाच्या) गोळ्यावर, यायला हवा. ट्रेलर सपाट उभा करून, दांडीच्या टोकाखाली ठोकळा आणि त्याखाली न्हाणीघरातला वजनकाटा ठेवला की तो मोजता येतो. निघताना काट्याने 38 पौंड दाखवले, तेव्हा मी खूश होतो. परंतु दांडीवर बसवलेल्या कूलरमधले बर्फाचे पाणी आम्ही दुसऱ्या रात्री ओतून दिले आणि सकाळच्या घाईत तंबू, खुर्च्या व कुकर मागच्या दाराशी कोंबले. बैलगाडीच्या भाषेत सांगायचे तर ट्रेलर उलाळ झाला. उलाळ गाडीत जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्याला फास बसतो. इथे मोटारसायकलचे मागचे चाक हलके होते आणि ट्रेलर शेपूट हलवू लागतो. माँट्रोजच्या पुढे सरळ रस्त्यावर ती हालचाल मला जाणवली होती, पण मी ती वाऱ्याच्या नावावर खपवली. भार रोज सकाळी मोजावा, आणि कूलर दांडीवर मुळीच ठेवू नये.

यूरे 7,792 फुटांवर आहे आणि रेड माउंटन खिंड 11,018 फुटांवर. गाव सोडताच रस्ता अनकम्पाग्रे नदीच्या घळीच्या कडेने चढू लागतो. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या वाट्याला थेट दरीची बाजू येते. कठडा बहुतेक ठिकाणी नाही, कारण हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ यंत्राने दरीत लोटावा लागतो. पांढरी रेषा संपली की कुठे हातभर डांबर, कुठे तेवढेही नाही. 1880च्या दशकात ऑटो मिअर्सने इथे खडक फोडून वाट काढली आणि बेअर क्रीक धबधब्यापाशी टोलनाका बसवला. त्या काळी बैल-खेचरे घेऊन येणाऱ्यांना पैसे देऊन वर ही दरी पाहावी लागत असे.

ट्रेलर आपल्या चाकोरीतून मागोमाग येतो हा भ्रम आहे. वळणात तो नेहमी आतून येतो. रस्ता ओहळात शिरतो तिथे वळण उजवे असते आणि दरीही उजवीकडेच असते. अशा एका वळणावर मी स्वतः रेषेपासून चांगला दोन हात आत होतो, पण ट्रेलरचे उजवे चाक रेषेपलीकडे गेले आणि खडी खाली घरंगळल्याचा आवाज हेल्मेटमधूनही ऐकू आला. इंटरकॉमवर बायको एवढेच म्हणाली, "अहो, आरशात बघू नका, पुढे बघा." डाव्या वळणात ट्रेलरचे डावे चाक रस्त्याच्या मधल्या पिवळ्या रेषेवर, समोरून येणाऱ्या वाहनांच्या वाटेत जाते. म्हणून उजव्या वळणात मार्गिकेच्या डाव्या अंगाने आणि डाव्या वळणात उजव्या अंगाने, ताशी 15 मैलांच्या वर न जाता चालवावे. खड्ड्यांचेही तेच: चाकोऱ्या तीन असतात, आणि तुम्ही सफाईने चुकवलेला खड्डा ट्रेलरच्या चाकाला बरोबर सापडतो.

खिंड ओलांडल्यावर सुटलो असे वाटले, आणि खरी चूक तिथेच झाली. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतात. दुसऱ्या गिअरवर येऊन वेग वळणाआधीच मारायला हवा होता. मी उतारावरच्या चॅटनूगा नावाच्या वळणात शिरल्यानंतर ब्रेक दाबला. कोणी मागून खांदा लावून ढकलावे तशी गाडी पुढे गेली, कललेली होती ती सरळ उभी झाली आणि पिवळी रेषा ओलांडूनच थांबली. समोरून कोणी आले नाही, एवढेच.

माझे स्पष्ट मत असे की ट्रेलर असेल तर ही फेरी उलटी करावी: आधी दुरँगो, मग सिल्व्हर्टन आणि शेवटी यूरे. मग घळ डोंगराच्या बाजूने उतरता येते. उतारावर ट्रेलर ढकलणारच, पण उजवीकडे कातळ असेल. त्या दिशेने दुरँगोच्या वाटेवर वुल्फ क्रीक खिंडीचा पश्चिमेकडचा तीव्र उतार वाट्याला येतो खरा. तिथला रस्ता मात्र रुंद आहे आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी सुटकेच्या वाटाही काढलेल्या आहेत. सकाळी लवकर निघावे, कारण उन्हाळ्यात दुपारी वीज-पाऊस हमखास असतो.

आता खिशाचे. ट्रेलरचे आठ इंची चाक मोटारसायकलच्या चाकाच्या दीडपटीहून अधिक वेळा फिरते, त्यामुळे त्याचे बेअरिंग तापते. डोंगर उतरल्यावर पेट्रोल भरताना मी हबवर, म्हणजे चाकाच्या मध्यावर, हात ठेवला आणि झटकन काढला. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे उडाले होते. गावातल्या एका दुकानदाराने वीस-पंचवीस डॉलरच्या बेअरिंगसंचाचे मजुरीसह 180 डॉलर घेतले, आणि दुसरे चाक तपासायचे आणखी 60 मागितले. शनिवारची संध्याकाळ असल्याने मी निमूटपणे दिले. बेअरिंगचा संच, सील, कॉटर पिन, ग्रीसची नळी आणि एक जादा चाक जवळ ठेवावे. प्रत्येक पेट्रोल पंपावर दोन्ही हब हाताने तपासावेत, हात टिकत नसेल तर पुढे जाऊ नये. ट्रेलरच्या टायरवर बहुधा ताशी 65 मैलांची मर्यादा असते, ती रस्त्यावरच्या 75च्या पाटीपुढे विसरू नये. दरीकाठच्या लहान थांब्यांवर उतारात तोंड करून गाडी लावू नये. मी लावली, आणि ट्रेलर सोडून, चाकाखाली धोंडा देऊन, तो हातांनी वर ढकलावा लागला.