दोन खिशांचा शर्ट

लहानपणीची आई आठवली की ती साडीवर बाबांचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घातलेलीच डोळ्यासमोर येते. आमच्या यवतमाळकडं कापूस वेचायला जाणाऱ्या सगळ्याच बायका अशा दिसतात, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, कंबरेला ओटी आणि साडीवर माणसाचा शर्ट, कॉलर विरलेली, बटन तुटलं तिथं सेफ्टी पिन. पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, बोंड फुटून सुकलं की त्याची टोकं सुईसारखी होतात, दिवसभर वेचलं की हातावर रेघाच रेघा, म्हणून तो शर्ट. बाईच्या मापाचे शेतातले कपडे कोणी शिवलेच नाहीत, मग तिनं नवऱ्याचा टाकून दिलेला उचलला आणि काम भागवलं, आणि हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही चुकतंय असं कोणालाच वाटत नाही.

मी कृषी सहायक म्हणून लागले, आता या पदाला सहायक कृषी अधिकारी म्हणतात. नोकरीवर हजर झाले तेव्हा आईनं मोठ्या हौसेनं नवा पंजाबी ड्रेस घेऊन दिला होता, जॉर्जेटची ओढणी, चकाकणारा. त्याच ड्रेसवर पहिल्यांदा बोंडअळीच्या पाहणीला गेले. ते काम असं असतं की शेतात आडवंतिडवं फिरून वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं तोडायची, फोडून पाहायची, २ बोंडांत अळी निघाली म्हणजे १० टक्के, म्हणजे फवारणीची वेळ आली. आता माझ्या एका हातात रजिस्टर, दुसऱ्या हातात मोबाईल, पेन दातात, भिंग पर्समध्ये, ओढणी तुरीच्या ओळीत अडकलेली अन सलवारीला कुसळं. ज्यांचं शेत ते काका चांगले, म्हणाले, "राहू द्या मॅडम, मीच फोडून दाखवतो तुमाले." आणि त्यांनी एकेक बोंड फोडलं आणि मी बाजूला उभं राहून नुसती लिहून घेत होते. जे काम मी अकोल्याला पीडीकेव्हीत, म्हणजे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, शिकून आले ते करायला माझे हातच मोकळे नव्हते. त्या रात्री मला खूप वाईट वाटलं. मला सगळं येत होतं, फक्त कपड्याला खिसा नव्हता.

मग मी ठरवलं की आपला शर्ट आपण शिवून घ्यायचा. कापड आणलं वर्ध्याहून, मगन संग्रहालयातून. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेली जागा आहे ती, तिथं झाडपाल्याच्या रंगात रंगवलेली खादी मिळते, आणि मे महिन्यात ४५ च्या वर पारा गेला की अंगावर सुती सोडून दुसरं काही सहन होत नाही हे आपल्या भागातल्या माणसाला काही वेगळं सांगायला नको. पिवळा रंग फार आवडला होता पण पिवळ्यावर पांढरी माशी येते, चिकट सापळे लावताना मीच सगळ्यांना सांगते, निळ्यावर फुलकिडे येतात, म्हणून मग काताचा तपकिरी घेतला. काळ्या मातीचा डागही त्यावर खपून जातो.

तालुक्याच्या लेडीज टेलरनं सरळ नाही म्हटलं. जेन्टसवाल्या भाऊंनी कापड हातात घेऊन विचारलं, "बाईच्या शर्टाले छातीवर दोन-दोन खिसे कायले पायजे जी?" मी पिशवीतून भिंग, पेन, टेप, मोबाईल काढून त्यांच्या मशीनवर ओळीनं मांडलं. मग ते काही बोलले नाहीत, प्रत्येक वस्तूचं माप घेतलं. भिंगाच्या खिशाला झाकण केलं, बाही दुमडून बटनात अडकवायला पट्टी लावली आणि धुरा म्हणजे शेताचा बांध चढताना पाय मोकळा पडावा म्हणून बाजूची चीर चांगली वर घेतली, ते तर मी सांगितलंही नव्हतं.

तो शर्ट घालून शेतात गेले तेव्हापासून माझं चालणंच बदललं, खरंच. हात मोकळे, खांदे मोकळे, बोंड मी फोडते, अळी मी भिंगाखाली दाखवते आणि शेतकरी वाकून पाहतो. लांबूनच पोरं ओरडतात, "खिसेवाल्या मॅडम आल्या." मला ते नाव आवडतं. एका मीटिंगमध्ये मात्र एक वरिष्ठ सगळ्यांसमोर म्हणाले की हे काय ऑफिसरसारखे कपडे आहेत का. मी उभी राहून सांगितलं, सर, मी मीटिंगनंतर तीन शेतांत जाणार आहे. माझा आवाज थरथरला नाही, आधी थरथरायचा.

पण कपड्याचं खरं मोल मला फवारणीच्या दिवसांत कळलं. २०१७ च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त माणसं गेली, मी तेव्हा कॉलेजात होते, गावाकडून फोन आला की पोटात गोळा यायचा. उघड्या अंगानं, तोंडाला नुसता रुमाल बांधून, डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन माणसं फिरत होती. आता मी गावात सांगते की फुलबाह्या घाला, हातमोजे, चष्मा, मास्क, गमबूट घाला, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका, ते कपडे घरच्या कपड्यांत धुवू नका. नुसतं सांगून कोणी ऐकत नाही, गरम होते म्हणतात, आणि होतंच. म्हणून मी स्वतः सगळं अंगावर चढवून, पंपात साधं पाणी भरून सकाळी सातला ओळीत फिरते. एक म्हातारे बाबा धुऱ्यावर बसून पूर्ण वेळ पाहत होते, शेवटी पोराला म्हणाले, "ते पोरगी घालून रायली तं तुले काय होते बे?" दुसऱ्या आठवड्यात तो पोरगा मोजे घालून दिसला. बाकीचे दिसले नाहीत, अजून सांगणं चालूच आहे.

यंदा दिवाळीच्या आधी आईसाठी तसाच शर्ट शिवायला टाकला. तिला वाटलं मी गंमत करते, म्हणे, "तुह्या बाबाचा हाय नं, नवा कायले?" पण घालून पाहिला, आरशात नाही पाहिलं, सरळ अंगणात जाऊन वाकली, हात पुढं करून वेचल्यासारखं केलं आणि म्हणाली, "बाही लहान होते माय. बोंड इथं लागते, मनगटावर, हाताचा पंजा सुरू होते तिथं. अजून दीड इंच पायजे."

शर्ट परत टेलरकडं नेलाय. शेजारच्या दोन काकूंनी पण माप दिलं, त्यांच्या बाह्या सुरुवातीलाच दीड इंच वाढवून लिहिल्यात.